अहिल्या नवऱ्याला मीटिंगला सोडायला जाते

“आज त्या मीटिंगला गेला नाहीत ना, तर उद्या मी रुचिताला घेऊन पुण्याला चालले. कायमची.”

अहिल्यानं हे पोळ्या लाटता लाटता, आवाज जराही न चढवता सांगितलं, म्हणून गुणवंतराव ताम्हणे घाबरले. आरडाओरड्याची त्यांना सवय होती.

हरियाणात दारूबंदी येऊन वर्ष होत आलं होतं. पण गुणवंतरावांची स्कूटर फरीदाबादच्या फॅक्टरीतून सुटली की घराकडे न वळता थेट बदरपूर बॉर्डर ओलांडायची आणि दिल्लीतून डुलत डुलत परत यायची. मागच्या आठवड्यात तर कहरच झाला. शाळेच्या कार्यक्रमात रुचिताचा नाच चालू असताना हे स्टेजवर चढले आणि स्वतःच नाचायला लागले. तेव्हापासून पोरगी बापाशी एक अक्षर बोलली नव्हती.

फॅक्टरीच्या डॉक्टरांनी पत्ता दिला होता. दारू सोडणारी मंडळी दर रविवारी संध्याकाळी नव्या सेक्टरात जमतात. गोल करून बसतात. आपलं नाव सांगायचं आणि मी दारुडा आहे, असं कबूल करायचं. “मार्केटच्या मागे कोणालाही विचारा,” डॉक्टर म्हणाले होते, “पण जरा हळू. बोर्डबिर्ड काही नाही. लोकांना अब्रू असते.”

स्कूटर सेक्टरात शिरली. नवा सेक्टर म्हणजे काय, रस्ते आहेत पण त्यांना नावं नाहीत, घरांना नंबर आहेत पण ते एकापुढे एक येत नाहीत, आणि मधल्या मोकळ्या प्लॉटवर म्हशी. शेवटी गुणवंतराव एका पानवाल्याच्या कानाशी वाकले.

“भैया, यहाँ वो लोग कहाँ बैठते हैं? वो... पीनेवाले?”

पानवाल्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. अहिल्याचा धीर सुटला. “बताओ ना भैया! आज इनको वहाँ नहीं पहुँचाया, तो हमारा घर टूट जाएगा!”

“बस भैनजी, समझ गया.” पानवाल्याला गलबलून आलं. “पीला गेट. बोलना, पानवाले ने भेजा है.”

पिवळं गेट बोटभर उघडलं. फटीत मग्गो नावाचे घरमालक होते. “दोनों?”

“नहीं नहीं, सिर्फ ये,” अहिल्या म्हणाली. “मैं छोड़ने आई हूँ.”

मग्गोसाहेब बघतच राहिले. “कमाल है! यहाँ घरवालियाँ ढूँढ़ने आती हैं जी. छोड़ने आप पहली आई हो!”

“क्या करें, आदमी तो अपना ही है ना,” अहिल्या लाजून म्हणाली. मिसेस मग्गोंनी तिला व्हरांड्यात बसवलं, चहा दिला, मठरी दिली.

आतल्या खोलीत कूलर घरघरत होता. गोल मांडलेल्या खुर्च्यांवर सहा-सात माणसं माना खाली घालून बसलेली, प्रत्येकाच्या हातात स्टीलचा ग्लास. “आओ जी, शरमाना नहीं,” कोणीतरी म्हणालं, “सब अपने ही भाई हैं.” गुणवंतरावांना एवढं हायसं वाटलं, की खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी डोळे मिटले आणि पाठ केलेलं वाक्य ओकून टाकलं.

“मेरा नाम गुणवंत है और मैं शराबी हूँ!”

“वाह! हम भी!” सगळे एका सुरात ओरडले आणि त्यांच्या हातात एक ग्लास आला.

वास आला, आणि गुणवंतरावांच्या लक्षात आलं. बायकोनं त्यांना हाताला धरून अड्ड्यावर आणून सोडलं होतं. ग्लास आपोआप वर निघाला. एवढ्यात व्हरांड्यातून अहिल्याचं हसणं ऐकू आलं. कित्येक महिन्यांनी ती अशी हसत होती, बिचारी.

त्यांनी ग्लास खाली ठेवला. आणि आता तोंड उघडलंच आहे म्हणून, मोडक्यातोडक्या हिंदीत, स्टेजवरचा सगळा प्रकार सांगून टाकला. मग एका जाडजूड ठेकेदारानं आपला ग्लास खुर्चीखाली सारला. “मेरी बेटी भी बात नहीं करती, यार.” दुसरा हुंदके द्यायला लागला. तिसरा चपला शोधायला लागला.

मग्गोसाहेब धावत आले. “ओए, ये क्या कर रहे हो जी? मेरा धंधा बिठाओगे?”

“पण वो... छोड़नेवालों की मीटिंग कहाँ है?”

“वो? वो तो पिछली गली में, स्कूल के कमरे में! मेरे सबसे बढ़िया गाहक वही लोग ले गए! चलो, मैं खुद छोड़ के आता हूँ.” आणि त्यांनी गुणवंतरावांना दंडाला धरून बाहेर आणलं.

“अय्या, संपली इतक्यात?” अहिल्यानं विचारलं.

“बदली झाली,” गुणवंतराव म्हणाले आणि मग्गोंची पाठ वळताच गल्लीत सगळं सांगितलं. अहिल्या जागीच थबकली. “तोंड उघडा.” त्यांनी उघडलं. तिनं नीट हुंगून खात्री केली आणि मग कपाळाला हात लावला. “अहो, त्या बाईला मी हळदीकुंकवाला बोलावून बसले की!”

शाळेच्या खोलीत दहा-बारा माणसं होती आणि एक म्हातारे सरदारजी चहा ओतत होते. घरच्यांनाही बसू देत होते. अहिल्या मागच्या बाकावर बसली. गुणवंतराव उभे राहिले. अड्ड्यावर धडाधड आलेलं वाक्य इथं शुद्धीतल्या माणसांसमोर ओठांवर येईना. त्यांनी अहिल्याकडे पाहिलं आणि मराठीतच बोलून गेले, “मी दारुडा आहे. माझ्या मुलीला माझी लाज वाटते.”

‘दारुडा’ हा शब्द अहिल्या गेली कित्येक वर्षं त्यांना उठता बसता ऐकवत होती. पण आता ती ताडकन उठली.

“अहो, काहीतरीच काय! एवढं काही नाहीये हं! चार लोकांत स्वतःला असं बोलतात का?” मग सगळ्यांकडे वळून, “नहीं जी, ऐसा कुछ नहीं है. अच्छे घर के हैं. फॅक्टरी में सब मानते हैं. बस, थोड़ा...”

तिचे डोळे भरून आले.

सरदारजींनी चहाचा पहिला ग्लास तिच्यापुढे ठेवला. “बैठो, बेटा. तेरे साहब ने तो बोल दिया. अब तेरी बारी है.”