दोन किलोच्या आत

विश्रांती ही घेण्याची वस्तू नसून देण्याची वस्तू आहे. देणाऱ्याने तिचं माप ठरवायचं आणि जिला मिळाली तिने ती मिळाल्याची पोच द्यायची, एवढा साधा नियम ज्या घरात पाळला जातो, त्या घरातल्या बाईचे आजारपणात हाल झाले असं म्हणायची कोणाची छाती होत नाही. साकोली तालुक्यातल्या सानगडीचे सोमाजी हा नियम पाळणारे गृहस्थ आहेत. गावात त्यांना मान आहे.

सोमाजींची बायको मंदाबाई, वय सत्तेचाळीस. थंडी सरता सरता भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात पोट उघडून तिची गर्भपिशवी काढली. आत मोसंबीएवढी गाठ निघाली. सुट्टी देताना डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं, की वरची जखम आठ-दहा दिवसांत भरेल, ती बघून फसू नका. आतले टाके पक्के व्हायला सहा आठवडे लागतात. त्याआधी ते सुटले तर आतडं त्या फटीतून बाहेर डोकावतं आणि पोट पुन्हा उघडून जाळी बसवावी लागते. बाकीचं मंदाबाईला अर्धंमुर्धं कळलं, पण ‘पुन्हा उघडून’ हे मात्र पक्कं कळलं. त्या टेबलावर दिव्याखाली पडून तिचे दात कडकड वाजले होते, आणि ते तिला या जन्मात पुन्हा नको होतं. बेचाळीस दिवस टाके टिकवायचे, एवढं एकच मनाशी धरून ती पोटाला उशी लावून गाडीत बसली.

डॉक्टरीणबाईंनी एक कागदही दिला होता. त्यावर चार कलमं होती. एक, दोन किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये. दोन, रोज थोडं थोडं चालावं आणि हळूहळू वाढवावं. तीन, वाकून काम करू नये. चार, थकवा वाटल्यास लगेच थांबावं. कागद अर्थातच सोमाजींच्या हातात देण्यात आला. (ज्याचं पोट त्याच्या हातात कागद देण्याची पद्धत आपल्याकडे अजून रुळलेली नाही.)

आता हा कागद दुसऱ्या कोणाच्या हातात पडता तर त्याने तो देवाच्या फोटोमागे खोचून दिला असता. पण सोमाजी हंगामात सोसायटीच्या धान खरेदी केंद्रावर काट्याजवळ बसतात. कट्टा, म्हणजे धानाचं पोतं, चाळीस किलोचा, त्याच्या वर नाही आणि खाली नाही, हे अकरा वर्षं बघितलेला माणूस. वजनाचा नियम दिसला की त्यांच्या अंगात उत्साह संचारतो. त्यांनी त्याच दिवशी कपाटावरचा जुना ताणकाटा काढला, पुसला आणि स्वयंपाकघरात खिळ्याला टांगला. शेजारी एक वही बांधली. वहीत रकाने पाडले: तारीख, वस्तू, वजन, खेपा, थकवा. असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं बघायला आलेल्या प्रत्येकीने सांगितलं. मंदाबाईने खाटेवरून काट्याकडे बघितलं आणि पोटावरची उशी घट्ट धरली.

पहिला प्रश्न पाण्याचा आला. बोरिंगवरून पितळी गुंड भरून आणायचा तर तो सतरा किलोचा. सोमाजींनी तो साफ नामंजूर केला. बायकोच्या जिवाशी खेळ करणारे गृहस्थ ते नव्हेत. त्याऐवजी मोठा गडवा काठोकाठ भरून वजन केलं, ते एक किलो नऊशे भरलं. शंभर ग्रॅम तर उलट वाचले. शिवाय बोरिंग घरापासून पस्तीस पावलांवर असल्यामुळे पहिल्या कलमासोबत दुसरंही कलम, म्हणजे चालण्याचं, आपोआप पाळलं जात होतं. एका खेपेत दोन कलमं मार्गी लावण्याची ही कल्पना जिल्ह्यात अन्यत्र कुठे राबवली गेल्याची माहिती नाही.

खेपांविषयी कागदावर काही लिहिलेलं नव्हतं. आणि जे लिहिलेलं नाही त्याला बंदी नाही.

समोरच्या घरच्या शकुनबाईने पहिल्याच दिवशी येऊन सांगितलं होतं, की बाई उठेपर्यंत दोन्ही वेळचं पाणी मी भरून टाकीन, मी कुठं कोसभर दूर आहे. मंदाबाईला तिच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. पण सोमाजींनी हात जोडून नकार दिला. घरात धडधाकट पुरुष असताना शेजारीण पाणी भरते हे चार लोकांनी बघितलं तर काय म्हणतील, असं त्यांचं म्हणणं पडलं. धडधाकट पुरुष पाणी का भरत नाही, हे चार लोक कधीच म्हणत नसल्यामुळे त्याचा विचार करायचं कारण नव्हतं. शकुनबाई रिकामा गुंड काखेत घेऊन परत गेली.

मग सोमाजींनी लाखनीहून आपल्या मोठ्या बहिणीला, कौशल्याबाईला, बोलावून घेतलं. ती रोग्याची सेवा करायला म्हणून आली आणि तेवीस दिवस राहिली. तिच्यासाठी रोज सकाळी आंघोळीचं पाणी (गडवे सात), दोन वेळा भात-वरण आणि तिला गुडघ्याचा त्रास असल्यामुळे जागेवर ताट, अशी व्यवस्था करावी लागली. ताट वजनात साडेसातशे ग्रॅमच्या वर कधी गेलं नाही. सेवेचं म्हणाल तर ती मंदाबाईच्या खाटेवर पडून राहायची आणि तिथूनच मंदाबाई वाकत तर नाही ना, यावर नजर ठेवायची. कपडे धुताना मंदाबाई वाकली, की ती लगेच ओरडून बसायला लावायची. तिसरं कलम तिच्यामुळेच पाळलं गेलं हे मान्य केलं पाहिजे.

दुसऱ्या आठवड्यात चालणं हळूहळू वाढवायचं होतं म्हणून ते किराणा दुकानापर्यंत वाढवण्यात आलं. तिसऱ्या आठवड्यात पिठाच्या चक्कीपर्यंत. चौथ्या आठवड्यात लाखोरीची डाळ काढणीला आली होती, हा योगायोग. चालणं बांधीपर्यंत, म्हणजे शेतापर्यंत, वाढलं आणि जाताना हात रिकामे राहू नयेत म्हणून मजुरांच्या भाजीचा डबा सोबत देण्यात आला. (एक किलो आठशे. झाकण काढून मोजलेलं.) लाखोरी वाकून उपटायला मनाई असल्यामुळे तिने बसून उपटावी, असं ठरलं. डॉक्टरने आखून दिलेला कार्यक्रम शेतीच्या वेळापत्रकाशी इतका तंतोतंत जुळलेला बघून सोमाजींना वैद्यकशास्त्राबद्दल आदर वाटू लागला.

राहिलं चौथं कलम. थकवा वाटल्यास थांबावं. पण थकवा काट्याला टांगता येत नाही, तो रोग्यानेच सांगितला पाहिजे. म्हणून सोमाजी रोज संध्याकाळी, ओसरीवर बसणारी मंडळी जमली की वही घेऊन आतल्या दाराकडे तोंड करून विचारत, “मंदे, थकली का?” मंडळी कान टवकारत. मंदाबाई आतून “नाही जी” म्हणे. सोमाजी रकान्यात ‘निरंक’ लिहीत.

नवव्या दिवशी ती चुकून “थोडी थकली” म्हणाली होती. तेव्हा कौशल्याबाईने खाटेवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की आपण बाळंत झाल्यावर विसाव्या दिवशी चिखलात वाकून धानाचा रोवणा लावला होता, आणि आताच्या बाया पोटात गाठ काय निघते तर खाट धरतात. ओसरीवर कोणीतरी हसलं. सोमाजींनी वाट बघितली. मंदाबाई म्हणाली, नाही, नाही थकली. लिहिलेलं खोडायला लागलं नाही, कारण ते लिहिलंच नव्हतं. त्या संध्याकाळी चुलीपुढे बसून ती पहिल्यांदा रडली, आणि रडताना टाक्यांवर ताण येतो म्हणून तेही तिने आवरतं घेतलं.

तीन वर्षांपूर्वी सोमाजींचं स्वतःचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, त्याचा इथे उल्लेख करणं योग्य होईल. तेव्हाही असाच कागद मिळाला होता. त्या वेळी घरात काटा टांगलेला नसल्यामुळे कोणत्या वस्तूचं वजन किती ते कळायला मार्ग नव्हता, आणि धोका नको म्हणून त्यांनी सत्त्याण्णव दिवस काहीच उचललं नाही. टीव्हीचा रिमोटसुद्धा मंदाबाई हातात आणून देत असे. ‘थोडं थोडं चालावं’ याचा अर्थ त्यांनी खाटेपासून न्हाणीपर्यंत असा लावला होता आणि तोही मंदाबाईच्या खांद्यावर हात ठेवून. त्यांचे टाके आजही पक्के आहेत.

आता भेटायला येणाऱ्यांविषयी. आपल्याकडे माणूस आजारी पडला की त्याला बघायला जावंच लागतं. नाही गेलं तर तो बरा झाल्यावर बोलून दाखवतो. पहिल्या तीस दिवसांत सोमाजींच्या घरी एकशे चौदा माणसं येऊन गेली. त्यांपैकी एकशे नऊ जणांनी मंदाबाईला आराम करायला सांगितलं. तीन जणांनी आपापल्या नात्यातल्या अशाच ऑपरेशननंतर दगावलेल्या बायांची नावं सांगितली. उरलेले दोघे सोमाजींना खताविषयी विचारायला आले होते. चहा सगळ्यांनी घेतला. मंदाबाई चहा ठेवायला उठली की सगळे एका आवाजात “तू कायले उठते, बाई, बस ना” म्हणत, आणि ती कप घेऊन येईपर्यंत बसून राहत. घरातल्या कोणाला ‘तुम्ही उठा’ असं म्हणण्याचा प्रघात नाही.

एकतिसाव्या दिवशी सोसायटीचे सहा सभासद आले. कौशल्याबाई आदल्याच दिवशी लाखनीला परत गेली होती. (ती गेल्याने खाट मोकळी झाली, पण तोवर मंदाबाईला खाटेची सवय राहिली नव्हती.) मंदाबाईने सहा कपांचा ट्रे उचलला. एक किलो साडेचारशे. चुलीपासून उठताना पोटात आत कुठेतरी कापड टरकावं तसं झालं. तिने ट्रे खाली ठेवला नाही. ओसरीवर नेला, सहाही कप दिले, आत आली आणि भिंतीला टेकून लुगडं बाजूला करून बघितलं. टाक्यांच्या शेजारी लिंबाएवढा फुगवटा आला होता. खोकलं की मोठा होत होता. आतले टाके सुटले, हे मंदाबाईला कोणी सांगायची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याला डॉक्टरीणबाईंनी हात लावून बघितलं आणि विचारलं, “काय उचललंत?” याच प्रश्नाची सोमाजी महिनाभर वाट बघत होते. त्यांनी पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. एकही आकडा दोन किलोच्या वर नव्हता. डॉक्टरीणबाईंनी पानं उलटली, एका पानावर थांबल्या आणि मोबाईलवर बेरीज करायला लागल्या. पाण्याचे गडवे, एक किलो नऊशे, साठ खेपा. ओले कपडे, एक आठशे, चोवीस खेपा. गुरांची वैरण, एक नऊशे, दहा. ताटं, गंज, परात मिळून सरासरी एक चारशे, वीस. बेरीज दोनशे चार किलो दोनशे ग्रॅम आली. त्यांनी ती दोनदा केली.

“एका दिवसाचे,” त्या म्हणाल्या.

सोमाजी काही बोलायच्या आत मंदाबाई बोलली. त्या वहीविषयी ती पहिल्यांदाच बोलत होती.

“कट्टा चाळीस किलोचा रायते, डॉक्टरीणबाई. पाच कट्टे झाले. केंद्रावर यायनं अकरा सालात एका कट्ट्याले हात नाही लावला. अन् माह्या पोटावरून रोज पाच कट्टे नेले, मोजून मोजून.”

सोमाजी मात्र खचणारे नव्हते. त्यांनी वही आपल्याकडे फिरवली, शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, “थकवा पाहा ना, म्याडम. तीसही दिवस निरंक आहे. मी रोज इचारलं.”

पोट पुन्हा उघडावं लागणार. तीन महिन्यांनंतरची तारीख मिळाली, पोटाला बांधायचा पट्टा मिळाला आणि नवा कागद मिळाला. या वेळी मंदाबाईने तो डॉक्टरीणबाईंच्या हातातून स्वतः घेतला आणि ब्लाउजमध्ये ठेवला. सानगडीत ते पोचायच्या आत बातमी पोचली होती: मंदाबाईनं आराम केला नाही. सांगून सांगून ऐकलं नाही. नवऱ्यानं बिचाऱ्यानं वही ठेवली तरी ऐकलं नाही.

लगेच लोक भेटायला आले. मंदाबाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मंडळी बसली, आराम कर म्हणाली, आणि थांबली. बराच वेळ गेला. मंदाबाई उठली नाही. तिची पाठ तेवढी दिसत होती. शेवटी सोमाजी आत गेले आणि तिथून त्यांनी साखर कुठे आहे ते विचारलं. मंदाबाईने सांगितलं नाही. तेव्हा तो चहा बिनसाखरेचा झाला आणि लोकांनी तो मुकाट्याने घेतला. जाताना दारात ते एकमेकांना म्हणाले, की ऑपरेशननंतर बाईचा स्वभाव फार बिघडला.

तुम्हाला मंदाबाईचं वाईट वाटलं असेल. चांगल्या माणसांना वाटतंच. पण मागच्या वेळी तुम्ही एका बाईला बघायला गेला होतात, तिचंही पोटाचंच ऑपरेशन झालं होतं. तुम्ही केळी नेली होती, आराम करा म्हणाला होतात, आणि चहा चांगला झालाय असंही म्हणाला होतात. तो कोणी केला होता? कप पुढे ठेवताना तिचा दुसरा हात कुठे होता? आठवून बघा. घाई नाही, चहा संपवा आधी. आठवत नसेल तर रकाना रिकामा ठेवायचा नसतो. तिथे निरंक लिहायचं.