चिंचोक्याची खळ

किसनभाऊ आमच्या कारखान्यात पहिल्यांदा आले, ते हातात स्टीलचा डबा घेऊन. डबा उघडून त्यांनी चमचाभर खळ काढली आणि आम्हा सगळ्यांसमोर खाऊन टाकली. मग मिशी पुसून म्हणाले, "जयभीम, ताई. पोटात चालंल तोच डिंक कामाचा."

कारखाना म्हणजे जुन्नरच्या बाजारपेठेमागची एक लांबट खोली. नव्वदीची सालं होती. आम्ही पुठ्ठ्यावर कापड चिकटवून ऑफिसच्या फायली करायचो. चिकटवायला रबराचं सोल्युशन. डबा उघडला की डोळे चुरचुरायचे, दुपारपर्यंत बायांची डोकी धरायची. पण ते झटकन वाळायचं, म्हणून कुणी बोलत नव्हतं.

किसनभाऊ पिंपरीकडे असल्याच सोल्युशनच्या कारखान्यात होते. नोकरी सोडून ते गावी परतले आणि चिंचोक्यांच्या मागे लागले. लग्नात जेवून उठले, की नवरानवरीला भेटायच्या आधी आचाऱ्याला गाठून विचारायचे, "चिंचोकं टाकलं न्हाई ना?" मग ते पिशवीत भरून घरी न्यायचे, भाजायचे, दळायचे, शिजवायचे.

त्यांच्या हट्टापायी आम्ही एक खेप खळीवर केली. ती पावसाळ्यात पुण्याच्या दुकानदाराने परत पाठवली. फायलींवर हिरवी बुरशी होती. बायांनी सुचवलं, बुरशी मारायला खळीत मोरचूद टाका. भाऊ ऐकेनात. "ते इख हाय, जहर," एवढंच म्हणाले आणि ओल्या फायली उचलून घरी घेऊन गेले. पुष्कळ दिवस फिरकले नाहीत.

आले ते लवंगेचं तेल घेऊन. पातेल्यात ओतलं, ढवळलं, आणि त्या उग्र वासाने सगळ्या बाया पदर नाकाला लावून रस्त्यावर पळाल्या. भाऊ एकटेच पातेल्याशी शांत उभे. मीही दारातूनच विचारलं, "भाऊ, तुम्हाला झोंबत नाही?"

त्यांनी पळी खाली ठेवली. "मला वासच येत न्हाई, ताई. सोल्युशनपाशी हुतो तवा हळूहळू गेला. गेल्यालं लई उशिरा कळलं." मग बाहेरच्या बायांकडे बघत म्हणाले, "ह्यांचा जाऊ नये, म्हून ही धडपड."

त्यानंतर तेल किती घालायचं ते हिराबाई हुंगून सांगायची. हिराबाई म्हणजे पश्चिमेच्या डोंगरातल्या गावातून रोज एसटीने येणारी आमची जुनी कामगार. फायली वाळायला वेळ लागायचा, पण बुरशी थांबली आणि आम्ही सोल्युशन बंद केलं. भाऊंनी शेजारच्या चपलांच्या दुकानातही खळ वापरायला दिली होती, तिथे मात्र तळवे सुटले. भाऊंनी दुकानदाराची माफी मागितली आणि सगळे जोड स्वतः शिवून दिले.

त्या हिवाळ्यात हिराबाईने नव्या आंबेमोहोर तांदळाचा भात आणला. डबा उघडताच खोली दरवळली. भाऊंनी घास घेतला आणि चावता चावता हळूच विचारलं, "हिराबाई, कसा येतोय गं?"

आंब्याच्या मोहरासारखा, असं कुणीही सांगितलं असतं. हिराबाईने डब्यावर वाकून डोळे मिटले, बराच वेळ विचार केला.

"तान्हं लेकरू न्हाऊमाखून निजलं, अन् आपण त्याच्या टाळूला नाक लावलं, की येतो ना, भाऊ. तसा."

भाऊंनी मान हलवली. तो एक घास ते कितीतरी वेळ चावत होते.