उकंडरावांची प्रकरणं

रत्नमालाबाईंनी त्या सकाळी नवऱ्याला पुन्हा एकदा फ्रिजचं दार उघडून उभं राहिलेलं पाहिलं.

"काय शोधून राह्यले?"

"काही नाही. पाहून राह्यलो."

"काल होतं तेच हाय आत. लावा दार."

कृषी खात्यातून निवृत्त झाल्यापासून नरेंद्रराव जागेवर ठरत नव्हते. पेपर अर्धा टाकून ते गेटाची कडी पाहायला उठत. कडी पाहता पाहता पाण्याच्या टाकीची आठवण होई आणि टाकीच्या जिन्यावर अर्ध्यात पोचल्यावर चहा राहिल्याचं ध्यानात येई. शेवटी रत्नमालाबाईंनीच त्यांच्यासाठी काम शोधलं. वाशिममध्ये त्यांच्याच गल्लीत राहणारा प्रसेनजित बँकेत नोकरीला होता. तो जन्मापासून अंध. फावल्या वेळात अंध वाचकांसाठी मराठी पुस्तकं कम्प्युटरवर आणायचा. छापील पानं स्कॅन केली की मजकूर तयार होई, पण त्यात 'शेत'चं 'शेन' आणि 'मामा'चा 'सामा' झालेला असे. ते सुधारायला डोळस माणूस लागे.

"काकाले दे एखादं पुस्तक," रत्नमालाबाई त्याला म्हणाल्या. "डोळे हायेत. बसायची सवय नाही, ती लागन."

मिळालं ते केनवडच्या उकंडरावांचं आत्मचरित्र. उकंडराव मोठे शेतकरी आणि माजी सरपंच. पुस्तक त्यांनी स्वतःच छापलं होतं आणि लग्नाकार्यात आहेर म्हणून वाटलं होतं. गावात घरटी एक प्रत होती आणि कुणीही ती उघडलेली नव्हती. प्रसेनजितनं पुस्तक मागितलं तेव्हा उकंडरावांना इतका आनंद झाला, की त्यांनी ग्रामपंचायतीच्या सभागृहात कार्यक्रमच ठेवला. त्यांचं पुस्तक कम्प्युटर वाचून दाखवणार होता.

नरेंद्ररावांनी उठत-बसत मजकूर सुधारला आणि पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी प्रसेनजितचा फोन आला.

"काका, प्रकरणांची नावं हेडिंग नाही केली तुमी."

"केली ना. मोठी केली, ठळक केली, वरून लाल बी केली."

"लाल करून मले काय दिसन, काका?"

नरेंद्ररावांनी कागद-पेन पुढं ओढलं.

"हे पाहा," प्रसेनजित समजावू लागला. "तुमी पानं चाळता अन् मोठं अक्षर दिसलं की थांबता. मी कीबोर्डवरचं एच दाबतो. त्या ओळीले हेडिंगची खूण असन तं कम्प्युटरातली बाई थेट तिथं जाते अन् ओळ वाचते. खूण नसन तं जन्मापासून सरपंचकीपर्यंत मले सगळं ऐकत बसा लागते. म्हणून ओळ निवडायची, वर 'हेडिंग एक' लिहिलेलं हाय ते दाबायचं. मंग पुढची ओळ. एकेक करून."

'एकेक करून' ऐकताच नरेंद्ररावांचे पाय शिवशिवू लागले. पहिलं प्रकरण त्यांनी नेमानं केलं. दुसऱ्यापर्यंत पोचायला बरीच पानं सरकवावी लागली, तेवढ्यात दूधवाला आला. परत आल्यावर त्यांना युक्ती सुचली. पुस्तकातलं प्रत्येक प्रकरण 'प्रकरण' या शब्दानंच सुरू होत होतं. तो शब्द शोध आणि दिसेल तिथे हेडिंग कर, असा एकच हुकूम त्यांनी कम्प्युटरला सोडला. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच काम झालं. पुस्तकात प्रकरणं वीस-बावीस. कम्प्युटरनं केलेले बदल मात्र त्याच्या कितीतरी पट निघाले. उभा जन्म सरकारी कचेरीत गेलेल्या नरेंद्ररावांना त्यात वावगं वाटलं नाही. एकाच कामाची नोंद दहा ठिकाणी होतच असते.

"तपासलं का?" रत्नमालाबाईंनी विचारलं.

"कम्प्युटरनं केलं. तपासायचं काय त्यात?"

प्रसेनजितनंही एकदा एच दाबून पाहिलं. 'प्रकरण पहिले' आलं. तेवढ्यावर त्याचं समाधान झालं.

कार्यक्रमाच्या दिवशी केनवडला निघण्याआधी नरेंद्ररावांना बायकोला आपलं काम दाखवायची हुक्की आली. त्यांनी पुस्तक उघडलं. डाव्या बाजूला हेडिंगांची रांग लागली होती. रत्नमालाबाई चष्मा लावून मधलं मधलं वाचू लागल्या. "प्रकरण पहिले, जन्म आणि बालपण. बरं. अन् हे खालचं काय हाय? 'पत्र्याचं प्रकरण आपसात मिटवा, असं मी म्हणालो.' हे धड्याचं नाव हाय का?"

नरेंद्ररावांनी रांग खाली सरकवली. ती संपेना. उकंडरावांनी सरपंचकी केली होती, त्यामुळे त्यांच्या आयुष्यात प्रकरणांना तोटा नव्हता. विहिरीचं प्रकरण होतं, गोदामाचं होतं, रामसिंगनं पाडलेल्या बांधाचं होतं. ज्या परिच्छेदात 'प्रकरण' सापडलं तो अख्खा परिच्छेद हेडिंग होऊन बसला होता.

प्रसेनजितचा फोन बंद. उकंडराव त्याला सकाळीच गाडीत घालून घेऊन गेले होते. नरेंद्ररावांनी मोटरसायकल काढली. रत्नमालाबाई मागे बसल्या आणि केनवड येईपर्यंत "हळू चालवा" एवढंच बोलत राहिल्या.

सभागृह भरलं होतं. प्रसेनजित व्यासपीठावर लॅपटॉप आणि स्पीकर मांडून बसला होता. नरेंद्रराव त्याच्याकडे निघाले, तर उकंडरावांनी त्यांना वाटेतच धरलं, खांद्यावर शाल घातली आणि पहिल्या रांगेत प्रयागबाईंच्या शेजारी बसवलं. प्रयागबाई म्हणजे उकंडरावांची बायको. नरेंद्रराव उठले; कुणीतरी नारळ दिला. पुन्हा उठले, फोटोवाल्यानं बसवलं.

"मुंग्या चावून राह्यल्या काय?" रत्नमालाबाई कुजबुजल्या.

तेवढ्यात लाईन गेली. नरेंद्ररावांनी मनोमन महावितरणला हात जोडले. पण उकंडरावांनी जनरेटर सांगून ठेवला होता.

प्रसेनजितनं एच दाबलं. "प्रकरण पहिले, जन्म आणि बालपण," स्पीकरमधली बाई खणखणीत आवाजात म्हणाली. टाळ्या पडल्या. त्यानं पुन्हा दाबलं.

"हेमला म्हणाली, हे प्रकरण घरात कळलं तर बाबा मले विहिरीत लोटतील. हेडिंग पातळी एक."

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले.

"कोण हेमला?" प्रयागबाईंनी शेजारी विचारलं. शेजारी नरेंद्रराव होते. ते शाल नीट करू लागले.

व्यासपीठावर उकंडराव खुर्चीतून उठले. पुस्तक लिहून बरीच वर्षं झाली होती. त्यांनाही काही आठवेना. "पोरा, थांबव ते," ते म्हणाले.

"थांबा ना, दुसरं प्रकरण शोधून राह्यलो," प्रसेनजित म्हणाला.

"दुसरं बी हाय?" प्रयागबाई उभ्या राहिल्या.

प्रसेनजित एच दाबत गेला आणि बाई बोलत गेली. पत्रे, गोदाम, रामसिंगचा बांध. रामसिंग तिसऱ्या रांगेत होता. तो चप्पल शोधू लागला. शेवटी नरेंद्ररावांनी धावत जाऊन स्पीकरची वायर उपटली आणि शालीसकट वळून म्हणाले, "चूक माझी हाय. ते धडे नाहीत. मधातला मजकूर हाय."

"म्हंजे पुस्तकात हाय तं खरं," प्रयागबाई म्हणाल्या आणि घरी निघून गेल्या. त्यांच्यामागे सभागृह रिकामं झालं. केनवडात त्या दुपारी घरोघरी फडताळं, पेट्या, माळे धुंडाळले गेले आणि उकंडरावांचं आत्मचरित्र पहिल्यांदा उघडलं गेलं. पण आतली अक्षरं बारीक, पानं शेकडो. हेमला कुठल्या पानावर आहे हे कुणाला सापडेना. छापील पुस्तकाला एच नसतो.

पुढचे काही दिवस नरेंद्रराव खुर्चीतून हलले नाहीत. अपराधी मनानं त्यांनी सगळी चुकीची हेडिंगं काढली आणि खरी एकेक करून लावली. हे करताना हेमलाचा परिच्छेद आला, आणि त्यांनी तो पहिल्यांदाच त्याच्या पुढच्या परिच्छेदासकट वाचला. वाचून ते ताडकन उठले.

हेमला उकंडरावांच्या मोठ्या बहिणीची मैत्रीण होती. प्रकरण होतं ते हेमलाचं आणि गावच्या तलाठ्याचं. ती ते बहिणीला सांगत होती आणि चौथीत शिकणारे उकंडराव बाजेखाली लपून चोरलेली बोरं खात होते.

नरेंद्ररावांनी लगेच प्रयागबाईंना फोन लावला आणि तो परिच्छेद जसाच्या तसा वाचून दाखवला. "चौथीत," प्रयागबाई एवढंच म्हणाल्या. त्यांच्या आवाजात सुटकेपेक्षा निराशाच जास्त होती. एका संसाराचं भलं केल्याच्या समाधानात नरेंद्रराव चहाला बसले.

चहा संपायच्या आत उकंडरावांचा फोन आला.

"काहून सांगतलं तिले?"

"म्हंजे? तुमच्यावरचा आळ गेला ना."

"आळ गेला," उकंडराव म्हणाले. "सरपंच होतो तवा कोणी एवढा नमस्कार नाही केला. हे चार दिवस पाराजवळून गेलो की पोरं उठून उभी राहात. म्हणत, म्हातारा पोचलेला हाय. अन् घरात? इतक्या वर्सांत मी कुठं चाललो हे तिनं विचारलं नव्हतं. परवा शेतात निघालो तं म्हणे, कुठं चालले, कोण हाय तिथं? दुपारी मांगं मांगं डबा घेऊन आली. आता आज पाहा. मी समोर बसलो तरी टीव्ही पाहून राह्यली."

नरेंद्ररावांनी चहाचा कप खाली ठेवला.

"ते बाजेखालचं तेवढं खोडून टाका, नरेंद्रराव."

"नाही जमणार. पुस्तकात जे हाय ते ठेवा लागते. प्रसेनजितचा नियम हाय."

"पुस्तकात नसलं तं?"

"नसलं तं प्रश्नच नाही."

उकंडरावांनी फोन ठेवला.

दिवाळीनंतर आत्मचरित्राची दुसरी आवृत्ती निघाली आणि तपासायला नरेंद्ररावांकडेच आली. बाजेखालचा परिच्छेद त्यात नव्हता. बालपणाच्या प्रकरणातून हेमलाही गेली होती. नरेंद्रराव पानं सरकवत राहिले. बऱ्याच पुढे, चांगल्या मोठ्या टाइपात एक नवी ओळ आली : 'प्रकरण पाचवे : तारुण्य आणि हेमला'.

त्यांनी ओळ निवडली. वर 'हेडिंग एक' दाबलं. मग प्रसेनजितनं आता त्यांच्याही कम्प्युटरात बसवून दिलेली बाई सुरू केली आणि रीतसर एच दाबून ऐकून पाहिलं. बाईनं ओळ स्पष्ट वाचली. नियमात कुठंच चूक नव्हती.