पोचलात की कळवा

आमच्या ग्रंथालयातून पुस्तक घेऊन निघालेल्या माणसाला 'वेळेवर परत करा' असं कुणी सांगत नाही. 'घरी पोचलात की कळवा' असं सांगतात. सांगतात म्हणजे आमच्या ग्रंथपाल सिसिलिया मॅडम सांगतात. विद्यार्थ्यांना सांगतात, प्राध्यापकांना सांगतात, पार्सल टाकायला आलेल्या माणसालाही 'भैया, पहुंचके मेसेज करना हां' म्हणतात. तो बिचारा दिवसभर कुठे ना कुठे पोचतच असतो, त्याने नेमकं कुठलं पोचणं कळवायचं?

मी मॅडमचा सहायक, सावंत. भाईंदरच्या आमच्या कॉलेजातून शांती नगरला माझ्या घरी जायला काही समुद्र ओलांडावा लागत नाही. तरी रोज संध्याकाळी 'पोचलो' असा मेसेज टाकावाच लागतो. विसरलो तर मला फोन येतो, मी उचलला नाही तर बायकोला येतो. एकदा भाजी घ्यायला थांबलो, तर घरी जाईपर्यंत बायको, सासूबाई आणि वॉचमन तिघं गेटवर उभे. मेसेज टाकला की मात्र मॅडमचं 'बरं' त्याच क्षणी येतं. या बाईला दुसरा उद्योग नाही, असं मी बायकोला म्हणायचो.

मॅडम मूळच्या किनाऱ्यावरच्या उत्तन गावच्या. कॉलेजात छापील मराठी बोलतात, पण घाबरल्या की घरची बोली बाहेर येते. म्हणजे दिवसातून बऱ्याचदा येते. नवरा वारलेला, मुलगा आल्विन मालवाहू बोटीवर. त्याच्याबद्दल त्या फारसं बोलत नसत आणि आम्हीही विचारत नसू.

अशा बाईंना संस्थेने जीआयएस शिकायला बसवलं. जीआयएस म्हणजे कम्प्युटरवरचे नकाशे, ज्यांतल्या प्रत्येक ठिपक्यामागे माहिती साठवलेली असते. संशोधन करणारी मुलं हल्ली खारफुटी, मिठागरं, नाले असले विषय घेऊन येतात आणि त्यांना पुस्तकाइतकाच नकाशा लागतो. तेव्हा ही सेवा ग्रंथपालांनीच द्यावी, असं वर कुणीतरी ठरवलं. दर शनिवारी ठाण्याहून भार्गव सर येऊन शिकवणार आणि शेवटी प्रत्येक जोडीने आपला एक नकाशा करून दाखवायचा. जमला तर नकाशा कक्ष आमच्या ग्रंथालयात होणार. नाही जमला तर तो दुसऱ्या विभागाकडे जाणार आणि मॅडम संस्थेच्या कचेरीत पावत्या फाडायला. सगळा जन्म पुस्तकांत गेलेल्या बाईंना निवृत्तीच्या तोंडावर ही शिक्षा. माझी जोडी अर्थातच मॅडमशी होती. त्या बुडाल्या की मीही बुडालो.

आणि बुडायला वेळ लागला नाही. पहिल्याच शनिवारी सरांनी आपलं कॉलेज नकाशावर मांडायला सांगितलं. अक्षांश आणि रेखांश असे दोनच आकडे टाकायचे. मॅडमनी टाकले आणि पडद्यावर बघत बसल्या.

"सावंत, कॉलेज कुठं गेला? इकडं तं न्हाय."

शोधत शोधत आम्ही पार नॉर्वेच्या वर गेलो. आकडे उलटसुलट पडले होते आणि आमचं कॉलेज बर्फाळ समुद्राच्या मधोमध जाऊन बसलं होतं. वर्ग हसला. सर म्हणाले, "नवीन माणूस हे करतोच, घाबरू नका." मॅडम मात्र हसल्या नाहीत. "आत पोरं बसलीत ना," एवढंच त्या हळूच म्हणाल्या. त्या दिवसापासून प्रत्येक आकडा त्या बोट ठेवून तपासायच्या आणि मला मोठ्याने वाचायला लावायच्या.

पुढच्या शनिवारी एखाद्या जागेभोवती ठराविक अंतराचं रिंगण काढायला शिकवलं. मॅडमनी सगळ्या हॉस्पिटलांभोवती रिंगणं काढली आणि आमचे वाचक त्यात येतात का ते बघितलं. वरसाव्याची एक मुलगी रिंगणाबाहेर राहिली. सोमवारी तिला बोलावून मॅडमनी तब्येतीला जपायला सांगितलं.

मग आलेल्या विद्यार्थ्याला कसे प्रश्न विचारायचे याचा धडा झाला. सर स्वतः विद्यार्थी होऊन म्हणाले, "मॅडम, मला खाडीकाठच्या खारफुटीचा अभ्यास करायचाय." कुठला भाग, कुठल्या वर्षांची माहिती, असं मॅडमनी विचारणं अपेक्षित होतं. मॅडमनी विचारलं, "पोहता येतं का तुम्हाला?" सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

आमच्या नकाशाचा विषय मॅडमनीच निवडला. 'आपली पुस्तकं सध्या कुठे आहेत'. वाचकांची नावं द्यायची नाहीत, फक्त पुस्तक, ठिकाण आणि तिथली शेवटची खबर कधी मिळाली ती तारीख. विषय ऐकून मला हसू आलं, कारण पुस्तकांकडूनही 'पोचलो' वदवून घेण्याचाच हा प्रकार होता. पण नकाशा दिसायला छान झाला. इंद्रलोक वसाहतीत ठिपक्यांची दाटी, शांती नगरात त्याहून जास्त, उत्तनकडे तुरळक.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटची नजर टाकावी म्हणून मी नकाशा लहान लहान करत गेलो, तर दूर निळ्या पाण्यात एक ठिपका.

"मॅडम, एक पुस्तक अजून समुद्रात आहे. आकडे परत उलटे पडलेत."

"न्हाय पडले."

"मग काढून टाकू का? एकानं काय फरक पडतोय?"

"राहू दे, सावंत," म्हणाल्या आणि पडदा बंद करून पर्स उचलली. जाताना 'पोचलात की कळवा' सांगायला मात्र विसरल्या नाहीत. मला रागही आला आणि भीतीही वाटली. मुलीची फी, घराचा हप्ता, सगळं त्या निळ्या पाण्यात दिसायला लागलं.

शनिवारी सरांनी नकाशा उघडला. आधी इंद्रलोक बघितलं, मान डोलावली. मग तेही नकाशा लहान करत गेले आणि थांबले.

"मॅडम, हा समुद्रात पडलाय. पहिल्या दिवशीचीच चूक."

मी मॅडमकडे बघितलं. आता बोली बाहेर येणार, असं मला वाटलं. त्या शांत होत्या.

"चूक नाही, सर. पुस्तक तिथेच आहे. माशांच्या पाककृतींचं. माझ्या कार्डावर माझा मुलगा बोटीवर घेऊन गेलाय. जेवण बेचव असतं म्हणतो. नेट मिळालं की जागेचे दोन आकडे पाठवतो, बाकी काही लिहीत नाही. मीही तेवढेच मागते."

सरांनी ठिपक्यावर क्लिक केलं आणि तारीख वाचली.

"ही तारीख तर बरीच जुनी आहे."

"हो," मॅडम म्हणाल्या. "पुढचे आकडे अजून आले नाहीत."

सरांनी तो ठिपका पुन्हा एकदा नीट बघितला, नकाशा बरोबर आहे असं कागदावर लिहिलं आणि सही केली. नकाशा कक्ष आमचा झाला. निघताना मॅडम दारापर्यंत आल्या आणि त्यांनी नेहमीचं वाक्य सरांना ऐकवलं. इतके शनिवार त्यावर हसणारे सर म्हणाले, "लगेच कळवतो, मॅडम."

संध्याकाळी घरी आलो, चपला काढल्या आणि सवयीने फोन हातात घेतला. 'पोचलो' टाइप केलं आणि अंगठा तसाच राहिला. त्यांचं उत्तर इतक्या झटकन का येतं, ते आता कळलं होतं. माझा मेसेज वाजला की त्यांना क्षणभर आल्विनच वाटणार. मग नाव बघणार, सावंत. रोज मी नकळत त्यांची अशी निराशा करत आलो होतो. पण नाही पाठवला तर त्यांच्या काळजीत आणखी एका माणसाची भर पडणार.

बायकोने आतून विचारलं, दारात काय उभे राहिलात? मी मेसेज पाठवून दिला.

उत्तर त्याच क्षणी आलं. 'बरं.'