जमिनीत शिरलेली लाँच

"उणे अर्धा मीटर!" कप्तान कडाडले. "म्हणजे माझी लाँच जमिनीत हातभर शिरलीय?"

लाँच धक्क्याला दोन मीटर पाण्यात मजेत डुलत होती. पाण्याची खोली दाखवणाऱ्या साउंडरला मात्र ते मान्य नव्हतं. अकराला तपासणीसाहेब यायचे होते. त्यांना साउंडर बिघडलेला दिसला की परवाना गेला आणि फेऱ्या बंद!

मेकॅनिक फ्यूज पाहून, वायरी चाचपून, तळाचा सेन्सरसुद्धा पुसून आला होता.

"सगळं ठीक आहे, कप्तान."

"हे ठीक? विकताना तर जिभेला हाड नव्हतं तुझ्या!"

मेकॅनिकने सेटिंग उघडलं. "यात कुणीतरी अडीच मीटर वजा केलेत."

"कुणाची हिंमत झाली?" कप्तानांनी बायकोकडे पाहिलं. सकाळच्या फेऱ्या तीच चालवायची.

"ओरडताय काय? एकच मीटर केलाय मी काल," ती म्हणाली. "तुम्ही लाँच तळाला घासत नेता. आकडा कमी दिसला तर जपून न्याल, म्हटलं. घरातलं घड्याळ नाही का दहा मिनिटं पुढे ठेवत आपण?"

"तीस वर्षं लाँच चालवतोय मी! आणि घरातच अविश्वास?"

मेकॅनिक खाकरला. "एक मीटर माझाही आहे. बसवतानाच वजा करतो मी, सगळ्यांचाच. लाँच रुतली की लोक मलाच धरतात."

"फसवणूक आहे ही! शुद्ध फसवणूक!"

"आणि उरलेला अर्धा?" बायकोने विचारलं.

कप्तान एकदम दोरखंडाची गाठ तपासू लागले. "परवा केला मी," ते खेकसले. "तू एकटी जातेस सकाळी. काळजी वाटते माणसाला."

मेकॅनिकने सगळी वजाबाकी पुसून टाकली. साहेब आले, वजन बांधलेली दोरी त्यांनी पाण्यात सोडली. दोरी म्हणाली दोन मीटर, साउंडरही दोन मीटर. साहेबांनी केबिनमध्ये बसून सही केली.

"यंत्रात ढवळाढवळ आम्हाला खपत नाही, साहेब," कप्तान छाती फुगवून म्हणाले आणि दोर सोडायला गेले.

धक्क्यावर उतरताना साहेब कप्तानांच्या बायकोच्या कानाशी कुजबुजले, "वहिनी, कप्तानांना सांगू नका, पण सही करता करता एक मीटर कमी केलाय. त्यांचं चालवणं मी पाहिलंय."

तिचा चेहरा एकदम उतरला. "अगबाई! साहेब, तुम्ही केबिनमधून बाहेर पडताच आत जाऊन मीसुद्धा आत्ताच एक..."

तेवढ्यात दोर सोडून परतलेल्या कप्तानांची केबिनमधून डरकाळी आली.

"शून्य!"