इनास काकांचा न ढवळलेला ग्लास

नंदाखाल गावच्या इनास काकांच्या घरी सरबत मागू नये. काचेचा ग्लास समोर येतो. वर कोकमाचा लाल थर, खाली नितळ पाणी. चमच्याकडे हात गेला की काका ओरडतात, "ढवळू नको! समुद्र आहे तो." आणि खालचं पाणी खरोखरच मिठाचं असतं. शेजारच्या बाप्तिस्म्यालाही त्यांनी हेच सरबत मांडलं. फादरांनी एक घोट घेतला आणि आशीर्वाद फार लवकर आटोपला.

काकांची लेक सिंथिया दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रात, संशोधनाच्या जहाजावर असते. काकांचा जन्म गेला केळीच्या वाडीत, त्यामुळे तो समुद्रही त्यांच्या बोलण्यात वाडीच होऊन येतो.

"बर्फात लोह असतं. वितळला की पाण्याला खत. बारीक शेवाळ कसं तरारून येतं! पण वितळलेलं पाणी गोडं, हलकं. ते वरच पसरून बसतं. खाली खाऱ्या पाण्यात खत भरपूर, पण वर येणार कसं? आधी खत घालतो तोच बर्फ, मग दार लावतो तोही तोच."

"मग दार उघडतं कोण?" मी विचारलं.

"वारा. तो ढवळतो."

मी शेजारचा, मोर्च्यांत पत्रकं वाटत वाढलेला माणूस. म्हटलं, "काका, पृथ्वी तापवणारे मजेत आहेत. हे सभेत दाखवा, लोक पेटून उठतील!"

"पेटवू नको रे बाबा, आधीच बर्फ वितळतोय," काका म्हणाले. "सभेचं मग बघू. मला रविवारी दाखवायचंय."

रविवारी सिंथियाचा फोन येतो. फिलू काकू होत्या तोवर त्याच बोलायच्या. काका मागून "मी बरा आहे म्हणून सांग" एवढंच म्हणायचे. काकू गेल्या आणि बापलेकीचं बोलणं "जेवलीस?" "जेवले." "बरं." इतकंच उरलं. मागे एकदा ती म्हणाली होती, "पप्पा, बोलायचंच नसेल तर उगाच कशाला फोन करू?"

तेव्हापासून हे सरबत सुरू झालं होतं.

त्या रविवारी फोन धरून मी उभा राहिलो. मिठाच्या पाण्यात काकांनी कोकमाच्या पाण्याचा बर्फ अलगद सोडला. वारा पडलेला, वाडीत केळीचं पानसुद्धा हलत नव्हतं. लाल रंग धुरासारखा सुटत गेला आणि वरच तरंगत राहिला. फोनच्या पडद्यावर सिंथियाच्या मागे जहाजाची गोल खिडकी, तिच्यात पांढरं आभाळ. दोघं एकाच ग्लासाकडे बघत होती. कुणाला कसली घाई नव्हती.

"पप्पा, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"तूच. आईला सांगायचीस ना. मी मागेच उभा असायचो."

 ती नाक ओढत म्हणाली, "पुढच्या रविवारी मी माझ्याकडचा खरा बर्फ दाखवते. थांबाल ना फोनवर?"

फोन बंद झाला. काकांनी चमचा उचलला आणि ग्लास स्वतःच ढवळला. सगळं पाणी गुलाबी झालं.

"आमच्या दोघांत फिलू ढवळायची रे," ते म्हणाले, आणि ते खारट पाणी तोंड वाकडं न करता पिऊन टाकलं.