गोमुखी खोलीची फरशी

सुग्रीव मिस्त्रीनं शेवटची फरशी ठोकून बसवली, उजवीकडं बघितलं आणि तोंडातला तंबाखू चघळायचंच विसरला. दारापाशी उजव्या भिंतीला घट्ट भिडलेली फरशी मागच्या टोकाला मात्र तिच्यापासून फूटभर अलीकडंच थांबली होती. कडेनं कोयत्याच्या पात्यासारखी निमुळती जमीन उघडी पडली होती.

जन्मभर त्यानं शहाबादी बसवली. ती कशीही तोडा, कुठंही जिरवा. ही चौकोनी, चकचकीत फरशी केज गावात नवीनच. कलर टीव्ही आल्यापासून मल्लिकार्जुनआप्पांना घरातली शहाबादी खुपायला लागली होती. संध्याकाळी मोहनराव काम बघायला येणार होते. पसंत पडलं तर त्यांचा नवा बंगला सुग्रीवच्या हातात!

"आप्पा, खोली गुण्यात न्हाई की ओ!" काटकोनाचा लोखंडी गुण्या नाचवत सुग्रीव ओरडला.

"नसंलच," आप्पा छाती काढून म्हणाले. "गोमुखी बांधलीय. दाराकडं नऊ फूट, मागं धा. लक्ष्मी आत आली की बाहीर जात न्हाई."

"मग आदी कावून सांगितलं न्हाई? मी दारातच मापलं. नऊ बाय बारा, फूटभराच्या एकशेआठ फरश्या."

"मला वाटलं, एकशेआठ तू शुभ म्हणून सांगितलंस! लातूरहून मोजून आणल्या. येक जास्त न्हाई."

"कपाट सारा तिथं."

"कपाट दोन हाताचं," आप्पांच्या मंडळी शिवगंगाक्का कडाडल्या. "उरलेल्या पट्टीत काय मेथी लावू?"

"भांडू नका. आदी च्या घिऊ," म्हणत आप्पा बाहेर गेले आणि ट्रे घेऊन परत आले. दारापाशी कालच बसवलेली फरशी सुग्रीवनं ओल्या फडक्यानं पुसली होती. आप्पांचा पाय सटकला. आप्पा खाली, ट्रे वर, आणि गुलाबाच्या फुलांच्या सहा कपबश्यांचा चुरा!

"माज्या माहेरचा शेट!" अक्कांनी कपाळाला हात लावला.

सुग्रीव तुकड्यांकडं टक लावून बघत होता.

"अक्का, आनखी फुटक्या कपबश्या हायत का?"

अक्कांनी लाटणं उचललं. मग पट्टीकडं बघितलं, लाटणं खाली ठेवलं आणि माळ्यावरची फुटक्या कपबश्यांची टोपली काढली.

संध्याकाळी मोहनराव फरशीवरून सरळ चालत गेले आणि पट्टीपाशी थबकले. पांढऱ्या सिमेंटात गुलाबच गुलाब, दाराकडं बारीक, मागं रुंद.

"हे काय बे?"

सुग्रीवनं गुण्या पाठीमागं लपवला.

"फरशी लातुरात घरोघर हाय. पर ही पट्टी कुटंच न्हाई. मला अशीच पायजे, अशीच तिरकी."

"मालक, तुमच्या खोल्या पक्क्या गुण्यात हायत. तिरकी कशी बसंल?"

"भिंती कमरेएवढ्याच झाल्यात ना? येक वाकडी कर."

सुग्रीवनं गुण्या हळूच पिशवीत घातला.

स्टीलच्या पेल्यात चहा देत शिवगंगाक्का म्हणाल्या, "भिंत खुशाल वाकडी करा, मोहनराव. कपबश्या मातर तुमच्या घरच्या फोडा."